भट्टीच्या गावातली जपमाळ

पंचगंगेवरचा पूल ओलांडला की शिरोली लागते. गावाचं नावच पुलाची शिरोली. सांगली फाट्यापाशी ऊस अचानक संपतो आणि पत्र्याच्या शेडांची रांग सुरू होते. दिवसा या एमआयडीसीत डोळा ठरावा असं काही नसतं. रस्त्याकडेला वापरून काळी पडलेली वाळू, ट्रकांच्या चाकांनी दळलेली धूळ, कोअर शॉपमधून येणारा रेझिनचा घशाला लागणारा वास. रात्री मात्र तिचं रूप पालटतं. बऱ्याच फौंड्रींमध्ये मेल्टिंग रात्री चालतं, आणि उघड्या दारांतून नारिंगी उजेड रस्त्यावर येऊन पडतो. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, साच्यात उतरताना दुधाच्या धारेसारखं सलग उतरतं. ते पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलता बोलता थांबतो.

याच शेडांमागच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये ऑक्टोबर महिनाभर जपमाळ म्हटली जाते. कॅथलिकांचा हा जपमाळेचा महिना. आज एका खोलीत, उद्या दुसऱ्या. चटई अंथरायची, स्टुलावर पांढरा रुमाल, त्यावर येशूच्या आईची, मरियेची, वीतभर मूर्ती आणि दोन मेणबत्त्या. जमणारी माणसं कुठकुठली असतात! आजरा-गडहिंग्लजकडची आमची घरं, पिढ्यान्‌पिढ्या घाटावर राहूनही चुलीपाशी कोकणी बोलणारी. आमची आजी जपमाळेला तेर्स म्हणायची. झारखंडहून आलेले उराँव आणि मुंडा पोरगे, कुणी फेटलिंगला म्हणजे ओतीव भाग घासायला, कुणी पोअरिंगला म्हणजे ओतायला. केरळची एक नर्स. वसईची एक शिक्षिका. पन्नास मण्यांची पाच दशकं. त्यातलं एक मराठीत, एक हिंदीत, एक कोकणीत, जसं ज्याच्या तोंडी बसलं असेल तसं. खोल्यांचे मालक गावातलेच, गळ्यात तुळशीची माळ, त्यांची स्वतःची लहानशी फौंड्री आहे. ते दारात पाट टाकून बसतात आणि शेवटपर्यंत उठत नाहीत.

एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा कशाला म्हणता, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. ओठ एकच प्रार्थना म्हणतात, पण प्रत्येक दहा मण्यांना येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनाशी धरायचा असतो. त्या प्रसंगांना आम्ही रहस्यं म्हणतो. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं येतात, आणि त्यातले पहिले दोन्ही प्रसंग गरोदर बायकांचे आहेत. नाझरेथच्या मरिया नावाच्या मुलीला, जिचं लग्न ठरलंय पण नवऱ्याघरी जाणं अजून झालेलं नाही, तिला दिवस राहणार असल्याचा निरोप येतो. मग ती डोंगराळ मुलखातल्या आपल्या नात्यातल्या अलिशिबेकडे जाते. म्हातारपणी अलिशिबेलाही सहावा महिना लागलेला. दोघी उंबऱ्यात भेटतात आणि म्हातारीच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं, असं लूकनं लिहून ठेवलं आहे. त्या काळच्या त्या गावात अशा मुलीचं काय होऊ शकलं असतं, हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. अलिशिबेनं चौकशी केली नाही. तिनं घरात घेतलं, आणि मरिया जवळजवळ तीन महिने तिथं राहिली. जीवनाच्या पावित्र्यावर मी ऐकलेल्या सगळ्या प्रवचनांहून हे घरात घेणं मला मोठं वाटतं.

प्रवचनं मी बरीच ऐकली आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांचं ‘इव्हँजेलियम व्हिटे’, म्हणजे जीवनाचं शुभवर्तमान, हे परिपत्रक २५ मार्च १९९५ चं. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. २५ मार्च हा मरियेला निरोप मिळाल्याचा सण, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधीचा. येशूचं माणूसपण गोठ्यात सुरू झालं नाही, आईच्या पोटात सुरू झालं, असं चर्चचं पंचांगच सांगतं. त्यावरून पुढचं सगळं येतं: गर्भधारणेपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत माणसाचं जीवन देवाचं आहे, ते मोडायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही. माझा यावर विश्वास आहे. पण विश्वास असणं निराळं आणि तो शिरोलीत राहून पेलणं निराळं.

माझं काम कास्टिंग तपासण्याचं. ओतलेला भाग बाहेरून गुळगुळीत दिसला तरी पोटात हवेचा फुगा, भेग, पोकळी राहिलेली असू शकते. म्हणून त्यावर ग्रीस लावायचं, प्रोब टेकवायचा आणि ध्वनिलहरी आत सोडायच्या. लहरी परत येतात त्यावरून आतलं कळतं. गरोदर बाईच्या पोटावर जेल लावून प्रोब फिरवतात तेव्हा हेच चाललेलं असतं. तत्त्व एकच, पडद्यावर मात्र माझ्याकडे टोकदार रेघ दिसते आणि तिथं धडधडणारं काळीज. दोष निघाला तर मी भागावर खडूनं फुली मारतो आणि तो रिजेक्शनच्या ढिगात जातो. तिथून परत भट्टीत. लोखंडाला त्याचं काही नाही, ते पुन्हा वितळतं, पुन्हा ओतलं जातं. माणसांसाठी असा ढीग नाही. जीवनाच्या पावित्र्याची सगळी शिकवण मला तरी या एका गोष्टीत सापडते, आणि ती रोज फुल्या मारणाऱ्या हाताला जास्त टोचते.

कारण या जिल्ह्यात फुल्या मारल्या गेल्या आहेत. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. सुपीक, पाण्याचा, साखरेचा, दूधसंघांचा हा जिल्हा. अंबाबाईच्या नावानं उठणारा आणि झोपणारा. गर्भलिंग तपासणीला आवर घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि त्यानंतरचा हा आकडा आहे. पुढे लक्ष्मीकांत देशमुख इथं जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्वर’ जोडायची मोहीम निघाली. यंत्रानं काय पाहिलं याची नोंद ठेवणारं दुसरं यंत्र. देशमुख लेखक. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नावच ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ आहे. आणि तरीही मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, ओढ्याकाठच्या मातीतून १९ भ्रूण बाहेर निघाले. म्हैसाळ इथून दूर नाही. त्या आठवड्यात आमच्या मिस्सेत विनंत्यांच्या वेळी फादरांनी त्या एकोणीस जणींसाठी प्रार्थना सांगितली, आणि आम्ही नेहमीसारखा प्रतिसाद दिला. आवाज नेहमीपेक्षा फार खाली होता.

भारतातल्या चर्चनं ८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण मुलींचा दिवस म्हणूनही ठरवला आहे. वसईची शिक्षिका त्या दिवशी वर्गातल्या मुलींना फुलं घेऊन उभं करते. सुंदर असतं ते. पण फुलं मूर्तीला वाहून आपण घरी जातो, आणि घरी तिसरी मुलगी झालेल्या सुनेला सासू काय बोलते ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. ती सासू आमच्यातलीही असते. यावर वेदीवरून जितकं बोललं जातं त्याच्या दसपट बोललं जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या भाषेत ही शिकवण परदेशी पाद्र्यांनी आणली असं म्हणणाऱ्यांना मी पुण्याला पाठवतो. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना दिवस जायचे ते बहुधा घरातल्याच कुणामुळे. मग मूल मारायचं किंवा स्वतः विहीर जवळ करायची, एवढेच रस्ते समाजानं त्यांना ठेवलेले. फुल्यांनी भिंतींवर पत्रकं लावली की इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. आधी तू कोण, कुणाचं, असं विचारलं नाही. त्या घरात काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा दोघांनी दत्तक घेतला. तोच यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्याकडे रोगी नेता नेता सावित्रीबाईंना प्लेग झाला, त्यातच त्या गेल्या. पोप दुसरे जॉन पॉल ज्याला जीवनाची संस्कृती म्हणतात ती याहून निराळी असेल असं मला वाटत नाही.

१८७५ मध्ये पंढरपुरातही असंच घर निघालं. विठोबाच्या गावात वारीबरोबर टाकलेल्या बायकाही येत, आणि चंद्रभागेनं पुष्कळ काही पाहिलेलं होतं. त्याच आश्रमात १९५० मध्ये जन्मलेलं एक मूल पुढे कोल्हापूरच्या रिमांड होममध्ये वाढलं, हिंदीचा प्राध्यापक झालं, प्राचार्य झालं, आणि इथल्या अनाथ मुलांच्या संस्था उभ्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं. डॉ. सुनीलकुमार लवटे. ‘खाली जमीन, वर आकाश’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळं मान वर ठेवून सांगितलं आहे. गर्भातल्या जिवासाठी प्रार्थना करताना पुष्कळांच्या मनात एक गोंडस, निनावी बाळ असतं. माझ्या मनात हे पांढऱ्या केसांचे प्राचार्य येतात. मदर तेरेसा १९७९ मध्ये ऑस्लोत नोबेल स्वीकारताना गर्भपाताविरुद्ध कळकळीनं बोलल्या, हे सगळ्यांना आठवतं. त्याच भाषणात आम्ही गर्भपाताशी दत्तक देऊन लढतो, मूल आम्हाला द्या, असंही त्यांनी सांगितलं होतं. हे दुसरं वाक्य म्हणायची ऐपत असल्याखेरीज पहिलं म्हणू नये.

केरळची नर्स एकदा जपमाळेनंतर म्हणाली की कायद्याला नावं ठेवणं सोपं आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला तेव्हा चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या. २०२१ मध्ये ठरावीक स्त्रियांसाठी मुदत वीस आठवड्यांवरून चोवीस झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेनं तीही मर्यादा उरली नाही. चर्चला याचं दुःख आहे, मलाही आहे. व्यंग म्हणजे फुली, हे मी मान्य करू शकत नाही. पण ती म्हणाली, टेबलावर येते ती बाई असते, कायदा नसतो. तिच्यापाशी त्या घडीला कुणी उभं आहे का, एवढंच विचारा.

मला तेव्हा बेळगावची सविता हलप्पनवार आठवली. बेळगाव म्हणजे आमच्या आजऱ्याहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. दातांची डॉक्टर, एकतीस वर्षांची, नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये गॉलवेला राहणारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नव्हता. पण त्याचे ठोके चालू आहेत तोवर गर्भपात करता येणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. हा कॅथलिक देश आहे, हेही तिच्या कानावर पडलं. २८ ऑक्टोबरला ती रक्तातल्या जंतुसंसर्गानं गेली. २०१८ मध्ये आयर्लंडनं कौल घेऊन राज्यघटनेतली गर्भपातबंदी काढली, तेव्हा तिचं चित्र डब्लिनच्या भिंतीवर होतं आणि लोक त्यावर चिठ्ठ्या लावत होते.

चर्चची शिकवण आईला मरू द्या असं सांगत नाही. आईचा गंभीर आजार बरा करण्यासाठी लागणारे उपचार करावेत, त्यात हेतू नसताना गर्भ गेला तरी ते गर्भपात ठरत नाही, असं आमचे धर्मशास्त्री कितीतरी काळापासून सांगत आले आहेत. मग तिथं काय झालं? भीती झाली. नियमाची भीती माणसाच्या पुढे उभी राहिली. म्हणून मला वाटतं, गर्भातल्या जिवांसाठी प्रार्थना होते त्या प्रत्येक मिस्सेत बेळगावच्या या लेकीचं नाव घ्यावं. मी फादरांना तसं सांगितलं. एका मिस्सेत त्यांनी ते घेतलं, आणि आजऱ्याकडच्या दोघी म्हाताऱ्या मावशी डोळे पुसत होत्या.

त्यातल्याच एका मावशीनं दुसऱ्या एका संध्याकाळी नकार दिला. विषय होता गावित मायलेकींचा. कोल्हापूरच्या माणसाला हे प्रकरण सांगावं लागत नाही. अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली लहान मुलं पळवायच्या, त्यांना चोऱ्यांसाठी वापरायच्या आणि नको झाली की मारायच्या. नव्वदच्या दशकात या जिल्ह्यातल्या आया यात्रेत लेकरांचे हात घट्ट धरून चालायच्या. अंजनाबाई कोठडीतच मेली. मुलींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयानं फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला या कारणानं जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. फादर म्हणाले, २०१८ पासून आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच लिहिलं आहे की फाशी कुठंही मान्य नाही. काइननं भावाला मारलं, तरी त्याला कुणी मारू नये म्हणून देवानं त्याच्यावर खूण केली. तेव्हा या दोघींसाठीही म्हणू या.

मावशी म्हणाली, “मी नाही म्हणणार, फादर. त्या पोरांचं कोण म्हणतंय?”

फादरांनी तिला शिकवायला घेतलं नाही. “तुम्ही पोरांसाठी म्हणा,” ते म्हणाले, “मी त्या दोघींसाठी म्हणतो.” तसंच झालं. जपमाळेच्या एकाच दशकात दोन प्रार्थना चालल्या, आणि मला दोन्ही खऱ्या वाटल्या. माझं स्वतःचं मन अजूनही मावशीकडे जास्त ओढ घेतं. शिकवण पटते, पण त्या मुलांच्या वयाचं कुणी समोर आलं की ती पुन्हा पहिल्यापासून पटवून घ्यावी लागते.

आता ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘गौदियुम एत स्पेस’ हा दस्तऐवज ७ डिसेंबर १९६५ चा. त्याच्या सत्ताविसाव्या परिच्छेदात जीवनाविरुद्धच्या पापांची यादी आहे. खून, वंशसंहार, गर्भपात, दयामरण अशी ती सुरू होते. ती तिथं थांबत नाही. छळ, गुलामगिरी, बायकामुलांची विक्री यांच्या पुढे तिच्यात कामाची अशी परिस्थितीही येते, जिथं कामगाराला माणूस न समजता नफ्याचं साधन समजलं जातं. एकाच दमात, एकाच परिच्छेदात. तीस वर्षांनी ‘इव्हँजेलियम व्हिटे’च्या सुरुवातीलाच हा परिच्छेद पुन्हा आला. गर्भ आणि फौंड्री चर्चनं एका ओळीत ठेवली आहेत, आणि आम्ही शिरोलीत राहून निम्मीच ओळ वाचत होतो.

हे मला कळलं ते एका मरणानंतर. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये रात्री लॅडल पुरतं न तापवता त्यात लोखंड घेतलं गेलं. आत ओल राहिलेली. पाण्याच्या थेंबावर वितळलेलं लोखंड पडलं की क्षणात वाफ होते, आणि त्या वाफेला वाट मिळाली नाही की ती सगळं उडवते. जो पोरगा गेला तो आमच्यातला नव्हता, बिहारकडचा होता. पण आमच्या झारखंडच्या पोरांच्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि जपमाळेच्या वेळी कधी कधी भिंतीला टेकून उभा असायचा. गावाकडे त्याच्या बायकोला सातवा महिना होता. एकाच घरातले दोन जीव, एक पोटातला आणि एक भट्टीपुढचा. पहिल्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं प्रार्थना केली होती. दुसऱ्याच्या लॅडलबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात जपमाळ झाल्यावर फादरांनी तो परिच्छेद मराठीत सांगितला आणि मग विनंत्या लोकांनीच सांगाव्यात म्हणाले. नर्सनं त्या बायकोच्या बाळंतपणासाठी मागितलं. मावशीनं पोराच्या आत्म्यासाठी मागितलं. मग पोअरिंगचा एक उराँव पोरगा उभा राहिला. हिंदी-मराठीची मोडतोड करत तो म्हणाला, देवा, रात्रपाळीत माणसं कमी देऊ नयेत, आणि लॅडल तापवायचा बर्नर बंद असला तर मेटल घ्यायला लावू नये. प्रतिसाद द्यायला आम्ही थोडं अडखळलो. अशी विनंती कुणी कधी ऐकली नव्हती.

दारातल्या पाटावरून खोल्यांचे मालक उठले. विनंती सांगणारा तो पोरगा त्यांच्याकडेच कामाला होता. चप्पल बाहेर ठेवून ते आत आले, मूर्तीला हात जोडले आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, “आपल्याकडचा बर्नर किती दिवस बंद आहे रे?”